पंपहाउसच्या मागे, नऊ दगड

सकाळी सात दहा. पवई, पंपहाउसच्या मागे.
वारा नाही. जलपर्णी परवापेक्षा हातभर पुढे.
दगड नऊ.
त्यातला एक, मी तारीख लिहीपर्यंत,
डुबुक.

दगड आठ.

गेटवरचे हिराजी भोपी चहाचा ग्लास कठड्यावर टेकवतात.
बाई, पुस्तक मिटा. पडताना बघा.
काळं असलं तर आधी विचार करतं,
मग एका अंगानं घसरतं,
पाठीवरच्या तीन धारा नांगराच्या तासासारख्या चमकवत.
आणि ते मऊ पाठीचं, मागच्या पायांवर झडपा असलेलं,
ते विचारबिचार करत नाही.
असतं, आणि नसतं.

माझ्या तक्त्यात ‘पडण्याची रीत’ असा रकाना नव्हता.
पेन्सिलीनं आखला. वाकडाच आला.

देवळातल्या कासवाला ओळखावं लागत नाही,
आत शिरताना बोटं आपोआप त्याच्या पाठीला लागतात,
झिजलेली पाठ, कुठल्याच जातीची नाही.
इथं चाळीस फुटांवर काडेपेटीतल्या काडीएवढी मान,
आणि तिच्यावर पिवळा ठिपका की उन्हाचा कण
यावरून माझं आणि दुर्बिणीचं भांडण.

आठ पंचवीस.
पाइपच्या तोंडाशी आणखी एक.
मी पाय आपटला तरी पडलं नाही.
उलट वळलं, मान लांब केली,
कानापाशी लाल पट्टा,
आणि सरळ माझ्या हाताकडे बघत राहिलं.

हिराजी गप्प.
हाताकडे बघायला तळं शिकवत नाही.
ते कुठल्यातरी चौदाव्या मजल्यावर शिकलेलं,
काचेच्या भांड्यात, प्लास्टिकच्या माडाखाली.
त्याला नाव असणार.
नाव ठेवणारी मुलगी आता दहावीला असेल,
आणि एका रविवारी पप्पा म्हणाले असतील,
तळ्यात मजेत राहील गं.

कासवी म्हणे नुसत्या नजरेनं पिलं वाढवते.
मीही पाऊण तास नजर लावून होते.
काही वाढलं नाही,
यादीत एक बाहेरची जात तेवढी वाढली.

रकाना सहा: रानटी की सोडलेलं, खूण करा.
मी खूण करेपर्यंत
हिराजींनी खिशातलं बिस्कीट काढलं,
माझ्याकडे बघितलं,
परत ठेवलं.

नऊ वाजता शेवटची मोजणी.
दगड आठ.
त्यातला तिसरा मघापासून
जरा जास्तच दगड.