घर्षण नगण्य मानून

एकतीस वर्षं मी फळ्यावर कप्पी काढली.
एक वर्तुळ, त्यावरून दोन रेघा,
खाली चौकोन, चौकोनात ‘भार’.
बाजूला बारीक अक्षरात :
दोर वजनरहित, घर्षण नगण्य मानावे.
मुलांनी मानलं. परीक्षकांनीही.
बडोद्यातली आमची शाळा मिटली
तेव्हा दहावीच्या वर्गात सात मुलं होती.

खरी कप्पी हातात आली ती परवा,
सहासष्टाव्या वर्षी, रावपुऱ्यात, जशुभाईंच्या दुकानात.
मी म्हटलं कप्पी.
ते म्हणाले, गरगडी ने, बेन?
काउंटरवर आडवी धरून बोटाने फिरवली
आणि वाटलं, यांचाच शब्द बरा.
फिरतानाचा आवाज त्यातच आहे.
‘विहीर काढली की काय?’
नाही, होडी टांगायचीय.
चष्म्यावरून त्यांनी मला नीट पाहून घेतलं.
दोन दुहेरी गरगड्या, वीस मीटर नायलॉनचा दोर, अँकर बोल्ट चार.
होडीबद्दल काही विचारलं नाही,
वरचे सात रुपये सोडले.

होडी जिगीषाची. माझ्या सुनेची.
नारंगी, प्लॅस्टिकची, चोवीस किलो,
बसायला एकाच माणसाला जागा.
रविवारी उजाडायच्या आत गाडीच्या टपावर बांधते
आणि सिंधरोटला महीवर जाते.
एवढं लांब कशाला, आपली विश्वामित्री आहे की,
मी एकदा म्हणून बसले.
‘मम्मी, मगरी.’

त्या पावसात पोर्चमध्ये मांडीएवढं पाणी.
आम्ही वर चढवत होतो गव्हाचा डबा,
शेगडी, इन्व्हर्टर, सौमित्रची प्रमाणपत्रं.
होडीची आठवण कुणालाच नाही.
ती उघड्या गेटातून निघून गेली,
एकटी, वल्ह्याविना,
आणि तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला
अमीनांच्या तुळशीला टेकलेली सापडली.
आत एक डावी चप्पल, आणि चिडलेलं मांजर.

म्हणून हा खटाटोप :
पाण्यापासून वाचवायला होडी छताला टांगायची.

सौमित्रने स्लॅबला भोकं पाडली,
त्याचे केस माझ्या केसांसारखे झाले.
बांबूच्या दोन टोकांना दोन पट्टे,
मधोमध गरगडी. पहिल्या खेपेला
होडीने नाक खाली घातलं,
भाजीवाल्याचा तराजू पडतो तसं.
पट्टा चार बोटं सरकवला. मग नाक वर.
अजून दीड बोट. मग ती स्थिरावली,
आणि आम्ही तिघं उगाच गप्प झालो.

चार पदर भार वाटून घेतात,
चोविसाला चार, सहा किलो,
मी ओढीन, म्हटलं.
पाठ असलेलं गणित.
त्याच्या खालची ओळ मात्र मीच घाईत पुसायचे :
जोर जितका वाचला, तितका दोर वाढला.
होडी दोन मीटर चढायला
आठ मीटर दोर तळहातांतून गेला.
आणि ते सहा किलो, सहा नव्हते.
तिसऱ्या मीटरला पंजा लाल,
गरगडी कुरकुरते, दोर चावतो.
मानलं होतं ते सगळं तिथे होतं,
एकतीस वर्षांचं.

‘छोडशो नहीं,’ जिगीषा मागून म्हणाली,
आणि माझ्या हातामागे तिने हात लावला.
मी ओढायचे, ती सुटलेला दोर गोळा करायची.
स्कूटर, मग स्कूटरचा आरसा, मग ट्यूबलाइट,
एकेक खाली राहत गेलं.
होडीच्या पोटातून महीचं शिळं पाणी
माझ्या भांगात ठिबकलं.

खुंटीला दोराचे आठ वेढे मी घातले.
चार पुरले असते.
‘मम्मी, या रविवारी तुम्ही बसा.’
मला पोहता येत नाही.
‘जॅकेट आहे.’
जागा एकाच माणसाची आहे.
‘मी काठावर उभी राहीन.’

मी काही बोलले नाही.
दोराचं उरलेलं टोक हातात होतं,
ते वितीने मोजत राहिले,
मोजून झाल्यावर पुन्हा.