दोन खांबांमधलं अंतर

चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : हाताला तेल लावून येऊ नये.
ब्रह्मपुरीला, औषधाच्या दुकानावरच्या जिन्यानं वर
एक पलंग, एक मशीन, गेल्या वर्षाचं कॅलेंडर
आणि तपासणारी पोरगी, निमजेंची प्रणोती,
वय माझ्या नोकरीपेक्षा कमीच.

"करंट बसेल थोडा," ती म्हणाली, "घाबरू नका काका."
मला हसू आलं.
अकरा हजारांच्या लाइनवर एकतीस वर्षं चढलो मी,
लाखांदूर फिडरचे सगळे जंपर मला चेहऱ्यानं ओळखतात.
म्हटलो, "परमिट घेतलं का बाई?
लाइनवर हात लावाच्या आधी परमिट घ्या लागते."
तिला कळलं नाही. तिनं हाताला ओली पट्टी गुंडाळली.
"हे कायले?"
"अर्थिंग."
मग मी गप्प झालो. पोरीला काम येत होतं.

पूस महिना. हात गार.
गार हातात नस हळू चालते, म्हणून तिनं
गरम पाण्याची पिशवी दिली, आणि आम्ही दोघं
माझा हात तापायची वाट पाहत बसलो,
चुलीवर काही ठेवल्यासारखं.
मग टेप लावून मोजलं, मनगट ते कोपर, कोपर ते दंड,
पेनानं फुल्या मारल्या कातडीवर.
धुऱ्याधुऱ्यानं मीही असंच मोजत गेलो होतो
खुंट्या ठोकत, सोनीपासून पार नदीपर्यंत.

पहिला झटका.
करंगळी आपली आपण उडाली
झोपेतलं पिल्लू दचकावं तशी.
महिनोन्‌महिने मला न जुमानणारी करंगळी
त्या पोरीचं मात्र लगेच ऐकते!

"कोपराखाली एक्कावन्न," ती मशीनकडे पाहून म्हणाली,
"कोपरावर एकोणतीस."
एकोणतीस काय?
"मीटर. सेकंदाला. पन्नासच्या आसपास तरी पाहिजे."

पन्नास मीटर म्हणजे आमच्या दोन खांबांमधलं अंतर.
म्हणजे चांगल्या माणसाचा निरोप
एका सेकंदात या खांबावरून त्या खांबावर,
आणि माझा मधेच, तारेवर पतंग अडकावा तसा.
तरीच पोळ्याच्या आदल्या दिवशी पकड सुटली हातातून,
शालिकच्या कानाजवळून गेली, बांधीत रुतली.
त्यानं चिखल पुसून ती दोरीला बांधून परत वर पाठवली.
काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं होतं.

मग जिभकाटे डॉक्टर आले, सुई घेऊन.
अंगठ्यामागं जिथं मांस होतं तिथं आता खड्डा.
सुई तिथं. "हात सैल सोडा. एकदम सैल.
आता आवाज यायला नको."
पण मशीनच्या भोंग्यातून
कढईत जवस तडतडावं तसा आवाज, थांबून थांबून,
मी काहीच करत नसताना.
"नस सुटत चाललेला स्नायू," डॉक्टर प्रणोतीला शिकवत होते,
"वरून निरोप येत नाही ना, मग तो असा
एकटाच बडबडतो."

मला पवनाबाई कुथे आठवली.
थकबाकी होती, मी तिचं मीटर काढलं होतं,
हुकूम होता, माझा इलाज नव्हता (असं मी तेव्हा म्हणायचो).
आठवड्यानं त्या गल्लीत गेलो तर
ओसरीवर अंधारात टक, टक, टक.
बटण दाबत होती म्हातारी.
म्हणे, "माहीत हाये रे बापा. बोटाले सवय हाये."

ऑपरेशनची तारीख बावीस.
नस मोकळी करतात म्हणे, कोपरातली. पुढे किती सुधारेल
ते जिभकाट्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
एसटी वैनगंगेच्या पुलावरून निघाली, पलीकडे आमचे खांब लागले.
एक, एक, एक.
प्रत्येक खांबाला मी सेकंद मोजला.
एसटी त्यापेक्षा किती हळू होती.

घरी आलो तर दिवेलागण टळून गेलेली.
शारदा गोठ्यात.
भिंतीवर चाचपडलो, मग मुद्दामच
करंगळीनं बटण दाबलं.
लागला.
कळलं ते डोळ्यांना.