एका वेळी दोन

वाशीत सतरा सेक्टरला, जिना चढून दुसरा मजला.
काचेखाली चार रेकॉर्डर मांडलेले,
तळहाताएवढ्यापासून टिफिनएवढ्यापर्यंत.
मुलगा विचारतो, किती ट्रॅकचा देऊ, काका?
मी बोटं मोजतो.
बेंजो मी. ढोलकी पदमनची. कॅसिओ बारक्या केणीचा.
खुळखुळा लहूचा.
लहू गेला, पण बोट मी मिटत नाही.

चार, मी म्हणतो.
आठचा घ्या, दीडच हजार जास्त.
खरं आहे. टेम्पोतही आम्ही असंच म्हणायचो,
जागा असू दे, कुणी ना कुणी चढतंच.

मग तोच बारीक अक्षर वाचून दाखवतो:
ट्रॅक आठ, पण एका वेळी आत शिरणार दोन.
म्हणजे आमच्या गावठाणातलं घर झालं.
दार अरुंद, वाकून एकेकानं यायचं,
आणि बसले की सगळे एकदम बोलायचे.

ह्या दुसऱ्यात फँटम पॉवर आहे, काका,
कंडेन्सर माइकला लागते, अठ्ठेचाळीस व्होल्ट.
आमच्या भुताला एवढी लागत नाही.
तू फक्त सांग, बेंजोची पिन थेट जाते का?
बेंजो म्हणजे गिटारचा भाऊ ना, तो विचारतो.
नाही रे, टाइपरायटरची बहीण.
घणसोलीपासून दिव्यापर्यंतच्या हळदी
मी तिच्यावर टाइप केल्यात,
पहाटे चारपर्यंत, एक अक्षर न खोडता.

यशिका म्हणालेली, पप्पा, फोनमध्ये फुकट होतं हे.
करून पाहिलं.
दुसऱ्या कडव्यात क्रेडिट कार्डवालीचा फोन आला,
रेकॉर्डिंग तिथंच तुटलं,
पुन्हा धरलं तर हात वेगळा, दिवस वेगळा.

वाजवून बघा ना, मुलगा म्हणतो.
मी काउंटरवर बोटांनी ढोलकी धरतो.
हेडफोनात ती ऐकत तोंडानं बेंजो,
मग त्या दोघांवर किल्ल्यांचा जुडगा, खुळखुळा म्हणून.
तीन मी, एकावर एक.
पट्टीनं आखल्यासारखे तालात.
कुणी घाई करत नाही.
कुणी डोळे वटारत नाही.

पदमन तिसऱ्या आवर्तनाला हमखास पुढं पळायचा.
त्याला धरायला मी पळायचो,
आम्हाला धरायला बारक्या,
आणि वरातीतली पोरं चपला हातात घेऊन आमच्यामागं.
तेवढं ह्यात आलेलं नाही.

मेट्रोनोम पण आहे, मुलगा म्हणतो, क्लिक लावू?
क्लिक नको.

बाहेर जिन्यावर येऊन पदमनला फोन लावतो.
तो आता पाण्याचा टँकर चालवतो.
ट्रॅक, कार्ड, इनपुट, सगळं सांगतो त्याला,
मागं पाइपातून पाणी पडत असतं,
आणि तो इतका वेळ गप्प
की मला वाटतं, कट झाला.
मग एवढंच:
बॅटरीवर चालतं ना? मंग खाडीवर जाव.

परत वर.
चार ट्रॅकचाच दे, पण दोन माइक एकदम घेणारा.
सेल किती वेळ पुरतात?
दोन तास. स्क्रीनचा लाइट बंद ठेवला तर तीन.
बंदच ठेवू.
समोर पदमन असल्यावर स्क्रीनकडं बघायला वेळ कुणाला?

बिलावर नाव काय टाकू?
माझं नाव जिभेवर येतं,
आणि तोंडातून पार्टीचं निघतं, पूर्ण, गावासकट.
अकरा वर्षांत कुणी ते लिहिलं नव्हतं.
तो टाइप करतो.
बेंजो हा शब्द त्याच्या मशीनला माहीत नाही,
खाली लाल रेघ येते.
तसंच राहू दे, मी म्हणतो.