आवाज शून्यावर

रात्री सव्वा बाराचा सामना.
पूर्णा झोपलेली. लोको कॉलनीच्या मागं
एक मालगाडी उगंच उभी, सिग्नलची वाट बघत,
आणि माझ्या दुकानात, जिथं दिवसभर
मी लोकांच्या छत्र्यांना आभाळ दाखवत असतो,
एकच पडदा जागा.

आवाज शून्यावर ठेवतो मी.
कारण तो माणूस थांबतच नाही.
चेंडू मधल्या रेषेवर निवांत फिरायलाय,
कुठं फट पडते का चाचपायलाय,
आणि हा सांगतो कुणाचं लग्न कुणाशी मोडलं,
कुणाचा भाव किती कोटी,
आणि उद्या ह्याच वाहिनीवर क्रिकेट, विसरू नका.

गार्ड येल्लय्यांचा रेडिओ होता,
रनिंग रूमच्या खिडकीत.
त्याला डोळे नव्हते म्हणून तो बोलायचा,
हे मला पटतं.
आंधळ्याला रस्ता सांगावाच लागतो.
पण मी बघायलोय ना, बाबा!
मला दिसायलाय डावीकडं एकटा सुटलेला पोरगा,
आणि हेही, की अजून तो कुणालाच दिसेना.
ह्या एवढ्याशासाठी झोप मोडली,
आणि नेमका तेव्हाच
पडदा आकसून कोपऱ्यात जातो,
उरलेल्या जागेत सिमेंटची गोणी नाचते.

कॉर्नर सिमेंटच्या मागं.
हेडर सिमेंटच्या मागं.
मग पाच बाजूंनी, सावकाश, दाखवतात
की मी काय बघितलं नाही.

मध्यंतरात सूट घातलेले तिघं.
एकजण पडद्यावर बाण ओढतो,
आमचे गुरुजी समासाचा विग्रह करायचे
तशी एक धावती जिवंत गोष्ट
सोडवून, सुटी करून, टेबलावर ठेवतो.

सकाळी पेपर.
क्रिकेटवाल्याच्या अंगठ्याला सूज, चार कॉलम.
माझा सामना तळाला, ‘संक्षिप्त’मध्ये,
तोही अर्धा, कारण पान
नांदेडला आधीच छापून झोपलं.
‘वृत्त हाती येईपर्यंत बरोबरी.’
हे वाक्य मला आवडतं.
माझ्याबद्दल कधी लिहायची वेळ आली
तर एवढंच लिहा.

रेल्वे मैदानावरच्या आमच्या फायनलची
बातमी मात्र आली होती गेल्या साली.
चौदा नावं. उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष,
आभार कुणी मानले, नारळ कुणी फोडला.
गोल कुणी केला, ते नव्हतं.

म्हणून यंदा मी माइक मागून घेतला.
म्हटलं, दाखवतो कसं बोलायचं असतं.
म्हणजे, कसं गप्प बसायचं असतं.

दहा मिनिटं बसलोही.
लोक म्हणाले, माइक गेला का काय?
लाउडस्पीकरवाला वायर हलवून गेला.
मंडपातून कुणीतरी मान वळवून
कपाळाला आठ्या घालून बघितलं.
मग चिठ्ठी आली:
कप ट्रॅक्टरच्या शोरूमनं दिलेत, नाव घ्या.
मी नाव घेतलं. पत्ता घेतला.
नांदेड रोड, पेट्रोल पंपासमोर, सुलभ हप्ते.
शोरूमचा फोन नंबर दोनदा वाचला.
मान वर केली तर
अख्खं मैदान एका पोराकडं पळायलं होतं.

शुद्धोदन खिल्लारे.
पायात दोन जोड्यांतले दोन बूट.
जाळी नव्हतीच, चेंडू बाभळीपर्यंत गेलेला,
तिथं अजून धूळ तरंगत होती.
धापा टाकत तो मंडपाशी आला,
‘काका, पाह्यला का? डाव्या पायानं!’

माइक चालू होता.
दुसऱ्या बाजूनं दाखवायला कुणी नव्हतं.
‘हाव,’ मी म्हणालो,
स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल,
‘लई भारी.’

तेव्हापासून रात्री
आवाज दोनवर ठेवतो. जास्त नाही.

सिमेंटला मात्र माफी नाही.