नक्कलनवीस

साहेब गेल्याची तार आली, विलायतेतल्या कुठल्याशा गावाहून,
आणि नवे साहेब मला म्हणाले,
"मिस्टर धैर्यवान, जुन्या फायली तुम्हालाच ठाऊक.
क्रॅनफील्डवर एक पान लिहून द्या. एकच."

एक पान म्हणजे फूलस्कॅप. डावीकडे दोन बोटं समास.

जन्म महाबळेश्वर, बापाची पलटण खाली साताऱ्यात.
आधी घोडदळ, मग पोलिटिकल खातं.
बुशेर, मस्कत, आणि इथे मनामात नऊ वर्षं.
फारसी उत्तम, अरबी बरी,
मराठीची परीक्षा पास, बक्षीस पाचशे रुपये.
लग्न एक. अपत्य नाही.
म्हणजे होतं, चार महिन्यांचं, बुशेरच्या वाळूत आहे,
पण त्याला रकाना नाही.

इथे लोक मला कर्रानी म्हणतात.
आपलाच किरानी, गलबतातून येताना
ओला होऊन जरा फुगलेला.
साहेब बोलत, मी लिहीत असे.
ऑगस्टात मनगटाखाली टीपकागद ठेवावा लागे,
नाहीतर घाम थेट तहावर उतरायचा
आणि शेखांची नावं फुटायची.
कधी वाटे, फुटू द्यावीत.

एका पहाटे एक पाणबुड्या
एजन्सीच्या झेंड्याच्या काठीला येऊन बिलगला.
काठी धरली की गुलाम सुटतो, असं किनाऱ्यावर बोललं जाई.
नाव मर्जान, म्हणजे पोवळं.
दोन्ही कान मोत्यांपायी फुटलेले.
साहेबांनी ओरडून विचारलं, गाव कोणतं?
म्हणाला, गाव नाही आठवत,
आई काहीतरी दळायची, तो आवाज आठवतो.
साहेब बराच वेळ दौतीकडे पाहत राहिले. मग सही केली.
सुटकेचा दाखला मी लिहिला, वळणदार अक्षरात.

त्याच दुपारी, त्याच शाईने लिहिलं,
की पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावाने दंड भरला नाही, सबब
जहाजावरून बुरुजावर सात गोळे. परिणाम समाधानकारक.
बुरुजात कोण होतं, मी विचारलं नाही.
नक्कलनवीसाने विचारायचं नसतं,
मूळ प्रतीशी ताडून पाहायचं असतं.
ताडून पाहिलं. सातच होते.

मोत्यांचा भाव पडला त्या साली साहेबांना ताप आला.
डॉक्टर मुहर्रकला, पंखेवाला पेंगलेला,
कपाळावरची फडकी मी बदलत होतो.
एरवी माझ्याशी ते परीक्षेतली मराठी बोलत:
"आपली प्रकृती कशी आहे?"
त्या रात्री डोळे मिटूनच म्हणाले,
"दूद नगं. साय हाय त्यात."

कुणा आयाच्या कडेवरची ती भाषा.
पुस्तकातून ती मिळत नाही, मलाही नीट येत नाही,
मी गिरगावातला.
काय बोलावं सुचेना. तोंडातून निघून गेलं,
"काढते हं, काढते."
काढतो नव्हे. काढते.
आणि साहेब झोपले.

सकाळी दाढी करताना विचारलं,
"रात्री मी काही गोपनीय बोललो?"
"नाही, सर."
तेवढी एक नक्कल मी कुठेच उतरवली नाही.

आज मर्जान आला.
हल्ली तो पाणी विकतो. समुद्राच्या तळाशी
गोड्या पाण्याचे झरे आहेत इथे,
बुडी मारून पखालीत भरतो, कान तसेही गेलेलेच.
डब्यातून दाखला काढला, घडीवर घडी,
बाजारात ऐकलं म्हणे, म्हणजे कुणीतरी खुणेने सांगितलं असेल:
साहेब मेले. मग हा अजून चालतो का?

पाहिलं. सही ओल खाऊन निळं डबकं झालेली.
बाकीचा मजकूर शाबूत. अक्षर माझं.

मी मान हलवली. चालतो.
कुणाच्या अधिकारात, विचारू नका.

त्याने माझा पेला भरला.
पैसे घेईना.
पान अजून अर्धं कोरं आहे, आणि नवे साहेब
दोनदा घंटी वाजवून गेले.