थेर-पी

पहिला बोर्ड भूपाल पेंटरनं रंगवला.
पत्रा लहान, अक्षरं ऐसपैस.
‘मसाज थेर’ इथंच पत्रा संपला,
मग खालच्या ओळीत, एकटाच, ‘पी’.
मार्केट यार्डाकडे जाणारा जो तो
सायकलवरून मान वळवून वाचायचा: थेर.
थोरले दीर म्हणाले, बरोबर लिहिलंय.

नवा पत्रा घेतला नाही.
तीनशे रुपये होते, ते घाण्यावरच्या तेलाला गेले.

सहा महिने कोल्हापूरला जाऊन शिकले,
मिरजेतून गाडी, डब्यात कालची भाकरी.
परीक्षेत बाईंनी विचारलं,
स्नायू आखडलाय हे हाताला कळतं कसं?
बाकीच्यांनी पुस्तकातलं सांगितलं.
मी म्हणाले, शिजलेल्या डाळीत
एखादा दाणा कच्चा राहतो,
तो बोटाला लागतो तसा.
बाईंनी वहीत लिहून घेतलं.
मार्क सगळ्यांना सारखेच.

कामाला बसताना बांगड्या दाराच्या खिळ्याला.
पहिल्याच आठवड्यात समोरच्या काकू
माझ्या मनगटांकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या,
‘अगं, मालक बरे आहेत ना?’
बरे होते. आत बसून हिशेबाची वही आखत होते.

वहीत श्रावणात पाच गिऱ्हाइकं,
भादव्यात तीन, त्यातली एक नणंद.
टेबलाचा हप्ता अठराशे.

बाबालाल नदाफ आले ते हळदीच्या हंगामात.
दार उघडं, पडदा ओढलेला, मालक बाहेर स्टुलावर.
पाठीवर हात ठेवला तर ती पाठ नव्हती,
पोतं ठेवायची जागा होती.
दोन्ही खवाट्यांच्या मध्ये घट्टा,
उंबऱ्यासारखा, वापरून गुळगुळीत.
अंगठा नाही लावला. कोपर टेकलं, भार सोडला
आणि थांबले.
थांबणं म्हणजे अर्धी विद्या,
ती कोर्समध्ये शेवटच्या दिवशी घाईत उरकली होती.
बऱ्याच वेळानं त्यांनी श्वास सोडला,
ट्रकची मागची फळी पडते तसा.

चादर पिवळीधमक.
साबण लावला, लाल झाली.
खळबळली, परत पिवळी.
मग यार्डातली सगळी टोळीच यायला लागली,
उन्हाळ्यापर्यंत दोरीवर आठ चादरी.
काकूंनी गच्चीवरून हाक मारली,
‘कुणाची हळद गं?’
सांगितलं, ‘हमालांची.’
त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी
गुडघा घेऊन आल्या, मागच्या दारानं.

जैनबभाभी रुमालात शंभराची नोट बांधून आल्या.
‘मला काही दुखत नाही. हे म्हणाले, जाऊन ये.’
झोपल्या, तरी हात सोडता येईना.
मी दंड उचलायला गेले की
त्या आधीच उचलून धरायच्या,
मला ओझं नको म्हणून.
सोडा, भाभी, म्हटलं. माझ्यावर टाका.
‘कसं सोडायचं?’
खरंच विचारत होत्या. मला सांगता आलं नाही.
चौथ्या खेपेला, दुपारी, बाहेर टेम्पो ओरडत असताना
एकदम सुटला.
केवढा जड होता एका बाईचा एक हात.

रात्री माझे अंगठे सुजतात.
मुलगी गरम पाण्याचं भांडं आणून ठेवते,
आणि माझ्या हातावर तिचं भूगोलाचं पुस्तक वाचते,
म्हणजे शिरांवर बोट फिरवत
ही कृष्णा, ही वारणा, हा हरिपूरचा संगम.
संगमाशीच ठणकतं.

परवा भूपाल पेंटर आला.
उजवा खांदा धरलेला, ब्रश छातीच्या वर जाईना.
बोर्डाकडे बघितलं, लाजला.
‘वहिनी, या वेळी पत्रा मोठा आणा, फुकट रंगवतो.’
म्हटलं, आधी हात कानाला लागू दे.

आज हनुवटीपर्यंत आलाय.
अजून वीतभर.