पाच हजार तीनशे बेचाळीस दिवस

निनाद जाताना पाठकोऱ्या कागदावर लिहून गेला:
सुडो, मग जागा सोड, मग ॲप्ट, मग अपडेट.
पासवर्ड टाकताना अक्षरं उमटणार नाहीत,
घाबरू नकोस आत्या.
आणि खाली, बाण काढून: काही अडलं तर वाच.
वाच म्हणजे वाच.
आता तो सिंगापूरच्या पुढे कुठेतरी टँकरवर आहे
आणि दाभोळच्या बर्फ कारखान्याच्या ऑफिसात
अडलेलं आहे.

पहिल्या दिवशी मी वाचलं नाही.
बंद केला, चालू केला. उदबत्ती तेवढी ओवाळली नाही.
दुसऱ्या दिवशी म्हणाला, कुलूप मिळत नाही,
दुसरं कोणीतरी धरून बसलंय.
मी खरंच मागे वळून बघितलं.
मागे कॉम्प्रेसरची धडधड,
आणि लाद्या मोजता मोजता चुकलेला अन्वर.
मग सापडलं: आदल्या संध्याकाळी मीच
एका खिडकीत तेच काम लावून घरी गेले होते.
तिथे तो रात्रभर उभा,
हो की नाही, हो की नाही, विचारत.

तिसऱ्या दिवशी कुलूप सुटलं आणि हे आलं.
इंग्रजीत होतं, मी शिसपेनीने मराठीत उतरवून घेतलं:
ही फाइल अजून वैध नाही.
आणखी पाच हजार तीनशे बेचाळीस दिवस,
चार तास, अकरा मिनिटं.
सेकंदसुद्धा दिले होते.

संपलेली मुदत मला ठाऊक आहे.
परवाना, विमा, डिझेलचा कोटा,
सगळ्यांच्या संपलेल्या मुदती याच टेबलावरून जातात.
पण अजून न उजाडलेली मुदत?
भागाकार केला. साडेचौदा वर्षं.
तोवर कोण थांबणार, आणि कशासाठी?

धर्मा तांडेल चाळीस लाद्यांची पावती घेऊन
दारातच थांबला.
'बाय, ह्या तारखेला माझा बापूस होता की.
सुकाणूवर तो, नि मी पुढे जाळ्यावर.'
पावतीवर छापलं होतं: एक जानेवारी दोन हजार दहा.
दुरुस्त करून देते म्हटलं, तर देईना.
डिझेलच्या पिशवीत न टाकता
घडी करून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली.

मी स्थळप्रती काढल्या.
एक जानेवारी, एक जानेवारी, दोन जानेवारी,
मग लाइट गेलेली, पुन्हा एक जानेवारी.
सीझन सुरू झाल्यापासून सतरा दिवस
आणि कोणी बोललं नाही.
इथे कोण बघतो पावतीचा उजवा कोपरा!
आज द्वादशी, पाऊणपट नऊ,
नऊला पुरी भरती, एवढं पाठ असलं की झालं.
म्हणजे फाइल आजचीच होती.
यंत्र त्या जानेवारीत बसून
तिला उद्याची म्हणत होतं.

बंदररोडच्या गनीभाई घड्याळजीने
आतला बटण-सेल जिभेला लावला,
म्हणाला, 'कधीचा मेलाय हा.'
चाळीस रुपये, खातं: किरकोळ.
पेटी उघडली होती म्हणून पंख्यावरचं मीठ
जुन्या टूथब्रशने झाडलं.
मग घड्याळ लावायचं.
वेळ मोबाइलवरून घेतली, खोटं कशाला बोलू,
पण खिडकीतून जेटीच्या पायऱ्याही मोजल्या.
वरची एकच कोरडी होती.
नऊच.

सुडो, जागा, ॲप्ट, जागा, अपडेट.
ओळी अशा सुटल्या की डोळा ठरेना.
सहाशे बारा उतरवायची आहेत, हो की नाही?
हो.
अन्वर लाद्या सोडून बघायला आला,
त्याला काही कळलं नाही, मला थोडंच,
दोघंही उभ्याने बघत राहिलो.

निनादच्या कागदावर, बाणाच्याही खाली,
मी लिहिलं: आधी तारीख बघ.

दुपारपर्यंत सगळ्या स्थळप्रती
लाल शाईने सरळ केल्या.
यंत्राने शेवटी कळवलं,
एक पॅकेज मागे ठेवलं आहे.
का, ते सांगितलं नाही.
मीही एक ठेवली आहे, चाळीस लाद्यांची.
ऑडिटवाल्याला काय सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.